फोडांचं खापर आईच्या माथी कशाला?

तान्ह्या बाळाला नुसतं उचललं किंवा दुपटं घासलं, तरी अंगावर पाण्याचे फोड उठतात, कातडी सोलून निघते. अशा वेळी नांदेड-लातूरकडे अजूनही पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो: ग्रहण पाळलं नव्हतंस का? ग्रहणाचा, खाण्यापिण्याचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही, आणि बाळाला जवळ घेतल्याने तो कुणाला लागतही नाही. एपिडर्मोलायसिस बुलोसा नावाच्या या आजारात त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारी प्रथिनं जनुकातल्या दोषामुळे नीट बनत नाहीत.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही, मग आनुवंशिक कसा?’ हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. याच्या काही प्रकारांत आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगून असतात आणि स्वतः ठणठणीत असतात. दोन्ही प्रती बाळात एकत्र आल्या की आजार दिसतो. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के. आते-मामेभावंडांत किंवा मामा-भाचीत लग्न झालं, की एकाच पूर्वजाकडून आलेला दोष दोघांत असण्याचा संभव वाढतो. पण म्हणून सगळा दोष नात्यातल्या लग्नालाही देता येत नाही. सिम्प्लेक्स प्रकारात बहुधा एकच सदोष प्रत पुरते. आई किंवा वडिलांना आजार असेल तर धोका 50 टक्के, आणि दोष बाळातच नव्याने उद्भवला असेल तर पुढच्या बाळाला तो फारच कमी. फोड मात्र तिन्ही घरांत सारखेच दिसू शकतात. हा फरक उलगडते ती जनुकीय चाचणी.

‘औषधच नाही, तर हजारो रुपये कशाला घालायचे?’ मजुरी करणाऱ्या घराचा हा प्रश्न रास्त आहे. उपचारांचा मुख्य भाग आजही मलमपट्टीच आहे. पण डिस्ट्रॉफिक प्रकाराच्या तीव्र रूपात अन्ननलिका आक्रसते, तरुणपणीच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. तिथे आधीपासून लक्ष ठेवावं लागतं. 2023 साली अमेरिकेत मंजूर झालेलं जनुकीय जेलही फक्त याच प्रकारासाठी आहे. शिवाय पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यापासून वारेचा अंश तपासता येतो, मात्र घरातला नेमका दोष आधी ठाऊक असेल तरच. 1994 च्या कायद्याने बंदी आहे ती लिंगनिदानावर. नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजाराची तपासणी कायदेशीर आहे. चाचणीचा निष्कर्ष कधीकधी संदिग्ध येतो, तेव्हा आईवडिलांचं रक्त आणि त्वचेचा तुकडाही तपासावा लागतो. नांदेडच्या (विष्णुपुरी) किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोग विभागापासून सुरुवात करता येते. बाळ फार अत्यवस्थ असेल, तर निदान रक्ताचा नमुना तरी वेळीच जपून ठेवायला सांगावं. बाळ गेल्यावर तो मिळवणं फार कठीण होतं.