पेढीवर आलेले 'न्यायालयाचे' पत्र

2024 च्या ऑगस्टअखेरीस लुधियान्याच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यापुढे संगणकाच्या पडद्यावर चक्क सर्वोच्च न्यायालय भरले. सरन्यायाधीशांच्या नावाने कोणी एक सोंगाड्या 'सुनावणी' घेत होता. पाठोपाठ मोहोर उमटवलेला आदेशही आला. आयुष्यभर व्यापार पाहिलेल्या या वयोवृद्ध उद्योजकाने सात कोटी रुपये सांगितलेल्या खात्यांत भरले. पोलिसांनी त्यांतील सव्वापाच कोटी परत मिळवले, हे भाग्यच.

लहान पेढीवर एवढा थाट कोणी मांडत नाही. तेथे एक ईमेल पुरतो. राजमुद्रा, खटल्याचा क्रमांक, 'चोवीस तासांत उत्तर न दिल्यास अटक' ही धमकी आणि खाली एक जोडपत्र. ज्या घराची पुंजी म्हणजे बाजारातील पत, त्या घरात असे पत्र कोणाला दाखवायचीही लाज वाटते. वकिलाला विचारले तर गावभर होईल, या भीतीने शेटजी एकटेच ते उघडतात. भामट्यांचा सारा भरवसा या एकटेपणावर असतो.

'न्यायालय ईमेल पाठवतच नाही' असे म्हणून पत्र पुसून टाकणे मात्र तितकेच घातक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार समन्स इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही निघू शकते. त्यावर न्यायालयाच्या मोहोरेची प्रतिमा किंवा डिजिटल स्वाक्षरी लागते. आता मोहोरेची प्रतिमा कोणीही चिकटवू शकतो, ही खरी अडचण. धनादेश न वटल्याचे प्रकरण खरोखरच चालू असेल, तर दुर्लक्ष महागात पडते.

म्हणून शहानिशा पत्राबाहेर करावी. पत्रातील दुव्यावर बोट ठेवू नये, त्यातील दूरध्वनी क्रमांकही फिरवू नये. ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ स्वतः उघडावे. तेथे प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो; महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांचा 'एमएच' या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावानेही शोध घेता येतो. पाठवणाऱ्याचे नाव न पाहता पूर्ण पत्ता पाहावा. सरकारी पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो, आणि त्यात एखादे अक्षर इकडेतिकडे केलेले अनेकदा आढळते. तो जुळला तरी नोंद तपासावीच.

जोडपत्राची गोष्ट निराळी. ते मुनीमजींच्या संगणकावर उघडले आणि आत घातक प्रणाली असली, तर साऱ्या वर्षाची खतावणी कुलूपबंद होऊ शकते. हिशेबाची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवण्याचा कंटाळा त्या दिवशी आठवतो.

पैसे गेलेच असतील, तर घरात चर्चा करीत बसण्याआधी 1930 हा क्रमांक फिरवावा; रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येणे याच तासांवर अवलंबून असते. मूळ ईमेल पुसू नये, पोलिसांना तो लागतो. शोधात काही न सापडले तरी पत्राची छापील प्रत त्याच दिवशी वकिलांकडे द्यावी, कारण नव्याने दाखल झालेली नोंद संकेतस्थळावर दिसण्यास कधी वेळ लागतो.