कुस्ती की जिउ-जित्सू? नवशिक्याने सुरुवात कुठून करावी



मागच्या आठवड्यात खेळाच्या तासाला मैदानाच्या कोपऱ्यात पोरांचा घोळका दिसला. जवळ जाऊन बघतो तर नववीतल्या एका मुलाने आपल्या मित्राचा पाय बगलेत दाबून धरलेला, टाच कोपराच्या खाचेत अडकवलेली, आणि आता पिळणार तेवढ्यात मी ओरडलो. "सर, हील हुक आहे, मोबाईलवर बघितलंय," तो म्हणाला. वर आणखी, "कुस्ती जुनी झाली सर. मला डायरेक्ट जिउ-जित्सूच शिकायचंय. चालेल ना?"

त्या डावाबद्दल आधी सांगतो, कारण खरी भीती तिथेच आहे. बहुतेक डावांत आधी दुखतं, मग इजा होते. हाताची आढी लागली की वेदना कळते, माणूस ओरडतो, समोरचा सोडतो. हील हुकमध्ये टाच पिळली जाते, पण ताण जातो गुडघ्यावर, आणि दुखणं जाणवेपर्यंत आतलं लिगामेंट फाटलेलं असू शकतं. म्हणून लहान मुलांच्या जिउ-जित्सू स्पर्धांत हा डाव चालतच नाही. मोबाईलवरच्या दीड मिनिटाच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. तिथे फक्त समोरचा हार मानताना दिसतो.

पण मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. नवीन काही शिकावंसं वाटलं तर त्यात वाईट काय? म्हणून त्याला वर्गात जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ही भावकी समजून घेऊ. समोरच्याला न मारता धरून, पाडून, दाबून जिंकायच्या खेळांना इंग्रजीत ग्रॅपलिंग म्हणतात. आपली मातीतली कुस्ती त्यातलीच. गादीवरच्या ऑलिम्पिक कुस्तीचे दोन प्रकार आहेत. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरता येतात, पट काढता येतो. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायचा नाही आणि पायाने आडवायचंही नाही. ज्युदो जपानचा, जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तो सुरू केला. जुन्या जपानी जुजुत्सूतले घातक डाव बाजूला ठेवून त्यांनी शाळा-कॉलेजात शिकवता येईल असा खेळ बांधला. पुढे कानोंच्याच परंपरेतले मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडून ग्रेसी घराण्यातली मुलं शिकली आणि त्यातून आजचं ब्राझिलियन जिउ-जित्सू वाढलं, ज्यात बराचसा खेळ जमिनीवर चालतो. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जु-जित्सूचा समावेशही झाला.

म्हणजे ज्याला आमचा विद्यार्थी "नवीन" म्हणतो, तेही आधी ज्युदो पक्का केलेल्या माणसाच्या हातून आलेलं आहे.

आता आपल्याकडचं बघा. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरी आपल्या जालन्यात झाली. या स्पर्धेत माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी किताबासाठी एकमेकांना भिडतात. त्या वर्षी मातीतून शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचा बाला रफिक शेख आला, गादीवरून पुण्याचा अभिजित कटके. गदा बाला रफिकने नेली. दोन वेगळ्या पृष्ठभागांवरून आलेले मल्ल एका लढतीत समोरासमोर उभे राहू शकतात, कारण दोघांच्या तळाला एकच घडण असते. पवित्रा, तोल, पकड, पट काढणं, पट वाचवणं.

खाशाबा जाधवांचं उदाहरण तर तुम्हाला पाठ असेल. पण त्यातला एक भाग आपण पटकन ओलांडून जातो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा लहानपणापासून मातीत घडलेला. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याच्यासमोर आली गादी. माती पाय धरून ठेवते, गादी धरत नाही. मातीत खडाखडी रंगवायला वेळ असतो, गादीवर घड्याळ आणि गुण. तरीही खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी, 1952 मध्ये हेलसिंकीला, त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मधल्या काळात ते गादीला आणि तिथल्या नियमांना सरावले. पडायचं कसं, उठायचं कसं, तोल कसा राखायचा हे त्यांना कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. ते मातीतूनच आलेलं होतं.

मग पाया म्हणजे नेमकं काय? इथे थोडा वेळ थांबू.

पहिलं म्हणजे पडणं. हसू नका! नवशिका मागे पडला की हात मागे टेकवतो. सगळं वजन त्या एका तळव्यावर येतं आणि मनगट किंवा कोपर जातं. ज्युदोत पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं आपटत नाही, पाठ गोल करायची, आणि पूर्ण हात शरीराच्या बाजूला तिरपा जमिनीवर आपटायचा, म्हणजे मार एका हाडावर न येता पसरतो. आपल्या तालमीत हे असं सुटं करून फारसं शिकवत नाहीत. उकरलेल्या मातीत रोज पडून पडून ते अंगात मुरतं. पण शाळेच्या मैदानावर किंवा फरशीवर माती तुम्हाला सांभाळून घेणार नाही.

दुसरा पवित्रा. गुडघे किंचित वाकलेले, एक पाय पुढे, कोपर फासळ्यांजवळ, नजर समोरच्याच्या छातीकडे. पाय एकमेकांत अडकवून चालायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण पाच मिनिटं असं सरकून बघा, मांड्या काय म्हणतात ते कळेल. जोर-बैठका वस्ताद उगाच काढून घेत नाहीत.

तिसरं, खाली दबलेल्या अवस्थेतून सुटून उठणं. चौथं, मानेची ताकद आणि डोक्यावर कमान करणं, पण हे माहितगाराच्या नजरेखालीच. आणि पाचवं मी मुद्दाम वेगळं सांगतो, सोडणं. जोडीदाराने हाताने थाप दिली किंवा "सोड" म्हटलं की त्याच क्षणी हात मोकळे झाले पाहिजेत. गळ्याच्या डावात काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. ज्याला सोडता येत नाही त्याला धरायला शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या त्या मुलाला हील हुक येत होता, पण मित्र ओरडला तर काय करायचं हे त्याने बघितलंच नव्हतं.

एवढं अंगात आलं की पुढे कुठेही जाता येतं. पण पाया घातला की झालं, असं मात्र नाही. पायासोबत सवयीही येतात, आणि काही सवयी पुढे नडतात.

कुस्तीत पाठ टेकली की चितपट, खेळ खलास. म्हणून पैलवान खाली गेला की आपोआप पोटावर वळतो. हीच सवय घेऊन तो जिउ-जित्सूत गेला तर समोरचा त्याच्या पाठीवर सवारी भरतो, मागून हात गळ्याभोवती घालतो आणि लढत संपते. उलट जिउ-जित्सूवाला आरामात पाठीवर झोपतो, पायांनी समोरच्याला रोखून धरतो. त्याच्या खेळात ती चांगली जागा आहे. तोच गडी आपल्या जत्रेतल्या फडात उतरला तर पहिल्याच मिनिटाला चितपट होऊन परत येईल. ज्युदोचंही तसंच. तिथे 2010 पासून थेट पाय धरायला बंदी आली, म्हणजे आपला लाडका पट तिथे कामाचा नाही. ग्रीको-रोमनमध्येही पट नाही, कलाजंगही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिलं वर्ष-दीड वर्ष एकच घर धरा, आणि ते असं धरा ज्यात उभं राहणं, पाडणं आणि खाली सांभाळणं हे तिन्ही येतं. ते घर कुस्तीच असलं पाहिजे असा हट्ट नाही. जवळ चांगला ज्युदोचा प्रशिक्षक असेल तर ज्युदो घ्या. जिउ-जित्सूचा वर्ग असेल आणि तिथे आधी मूळ गोष्टी घटवून घेत असतील तर तेही चालेल. पण भोकरदन तालुक्यातल्या मुलाला कुस्ती जवळची. गावात वस्ताद सापडतो, जोड मिळते, खर्च लंगोटाचा आणि खुराकाचा. जिउ-जित्सूचा जाड गणवेश, लांबच्या शहराचं भाडं आणि फी हे सगळं बापाच्या कापसाच्या पैशातून जाणार, याचाही विचार करा.

एका बाजूचं झटपट कौशल्य आधी शिकलं तर काय होतं? तेवढा एक डाव जमतो. तो समोरच्याला माहीत झाला की हात रिकामे. फक्त पायाच्या आढ्या शिकलेल्याला कुणी उभ्यानेच दूर ढकललं तर तो काय करणार?

मुलींसाठी दोन ओळी. ग्रीको-रोमनमध्ये महिलांचा ऑलिम्पिक गट नाही, फ्रीस्टाइलमध्ये 2004 च्या अथेन्सपासून आहे. साक्षी मलिकचं 2016 चं रिओतलं कांस्यपदक त्यातलंच. ज्युदो आणि जिउ-जित्सू मुलींना खुले आहेत. अडचण तालमीच्या दाराशी आहे. बऱ्याच गावांत तिथे मुलगी गेली की लोक बघत राहतात. शाळेच्या आवारात गादी टाकता आली तर हा प्रश्न बराच सुटेल, असं मला वाटतं.

त्या नववीतल्या मुलाला मी सध्या एकच काम दिलंय. रोज खेळाच्या तासाला, लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात, उकिडवं बसून मागे पडायचं. वीस वेळा, हनुवटी छातीला टेकवून. ज्या मित्राचा पाय त्याने धरला होता, तो शेजारी बसून मोजतो. काल बारावर गाडी अडली होती. डोकं मागे जात होतं.