रेल्वे एंजिनांच्या लहान प्रतिकृतींचा जीर्णोद्धार

वाफेच्या रेल्वे एंजिनाची ठराविक प्रमाणात केलेली लहान प्रतिकृती जुनी, गंजलेली वा मोडकी झाल्यावर ती दुरुस्त करणे व आवश्यक तेथे पुन्हा रंगविणे, या कामाला प्रतिकृतीचा जीर्णोद्धार म्हणतात. यांपैकी काही प्रतिकृती खरोखरीच वाफेवर चालतात. काहींत किल्ली देऊन गुंडाळावयाची स्प्रिंग वा विद्युत् चलित्र असते आणि वाफेच्या एंजिनाचे केवळ बाह्यरूप असते. कारखान्यात तयार झालेले खेळणे आणि हौशी कारागिराने अनेक वर्षे खपून केलेले यंत्र यांमधील सीमारेषा पहिल्यापासूनच पुसट आहे. कोणत्याही प्रकारची प्रतिकृती असली, तरी तिच्या जीर्णोद्धारात दोन निर्णय कळीचे असतात : मूळ रंग राखावयाचा की काढावयाचा आणि (बाष्पित्र असल्यास) ते पुन्हा दाबाखाली वापरावयाचे की नाही. पहिल्या निर्णयातील चूक नंतर सुधारता येत नाही व दुसऱ्यातील चूक जिवावर बेतू शकते.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी छोटी पितळी एंजिने खेळणी म्हणून विकली जात. त्यांना बहुधा रूळ नसत. ती जमिनीवर धावत आणि सिलिंडरांतून गळणाऱ्या पाण्याचा माग मागे ठेवीत. जर्मनीतील मेर्क्लिन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत रुळांमधील अंतरांना क्रमांक देऊन मापांचे मानकीकरण केले. पुढे रूढ झालेल्या मापांत क्र. १ म्हणजे ४५ मिमी. व क्र. ० म्हणजे ३२ मिमी. अंतर होय. इंग्लंडमध्ये डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक (१८७७–१९५३) यांनी १८९९ मध्ये नॉर्दॅम्प्टन येथे सुरू केलेल्या संस्थेने न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून व हेन्‍री ग्रीन्ली यांच्या आराखड्यांनुसार ब्रिटिश एंजिनांशी मिळत्याजुळत्या प्रतिकृती करवून घेतल्या. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्न्बी (१८६३–१९३६) यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये किल्लीच्या गाड्या व १९३८ मध्ये १६·५ मिमी. अंतराच्या रुळांवरील ‘डब्लो’ गाड्या बाजारात आणल्या. आज जीर्णोद्धारासाठी हाती येणाऱ्या जुन्या ब्रिटिश प्रतिकृतींपैकी बऱ्याच या निर्मात्यांच्या असतात.

तपासणी व धातूंचे दोष : एंजिन सुटे करण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात व प्रत्येक स्क्रू कोणत्या भोकातील आहे याची नोंद ठेवतात. जुन्या स्क्रूंचे आटे आजच्या मापांशी जुळतीलच असे नाही, म्हणून हरवलेला स्क्रू ही वाटते तेवढी क्षुल्लक बाब नसते. जखडलेल्या सांध्यांत पातळ तेल सोडून एकदोन दिवस थांबणे हा सर्वांत स्वस्त व बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय होय. पक्कडीची घाई केल्याने झालेले नुकसान गंजाने केलेल्या नुकसानापेक्षा अधिक असते, असे अशी एंजिने पाहताना वारंवार दिसून येते.

पितळ व तांबे यांवरील मळ सायट्रिक अम्लाच्या सौम्य विद्रावात निघतो. मात्र त्या विद्रावात लोखंडी वस्तू पडल्यास विरघळलेले तांबे पितळावर लाल थराच्या रूपाने बसते. कथिलाचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावर मुलामा झिजलेल्या जागीच गंज धरतो. याहून कठीण दुखणे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चाके, चौकटी व डब्लो एंजिनांची कवचे या मिश्रधातूची ओतीत. शिसे, कथिल वा कॅडमियम यांचे अत्यल्प प्रमाण त्यात मिसळले असेल, तर दमट हवेत धातूच्या कणांमधील सीमांवर संक्षारण होते. ओतीव भाग फुगतो, वाकतो, त्याला जाळीदार भेगा पडतात व शेवटी त्याचा भुगा होतो. दोष मूळ ओतकामातच असल्यामुळे याला इलाज नाही. रंग लावून भेगा झाकता येतात, पण फुगणे थांबत नाही आणि नवा रंगही लवकरच फुटतो. असा भाग बदलणे व मूळ भाग नमुन्यादाखल जपून ठेवणे एवढेच हाती राहते. कोरडी व सारख्या तापमानाची जागा ही प्रक्रिया मंदावते. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत अशी एंजिने बाळगणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवणे जरूर आहे [⟶ जस्त].

बाष्पित्र : प्रत्यक्ष वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृतीत बाष्पित्राची परीक्षा रंगकामाच्या आधी करावी लागते. खेळण्यांतील बाष्पित्रे पितळी असून त्यांचे सांधे शिसे-कथिलाच्या मऊ डाखाने जोडलेले असत. हा डाख १८३° से. ला वितळू लागतो आणि त्याच्या बराच आधी दुबळा होतो. दर चौ. सेंमी. ला ५·५ किग्रॅ. दाबाच्या वाफेचे तापमान सु. १६०° से. असते, म्हणजे सुरक्षिततेसाठी उरणारे अंतर फारच थोडे. बाष्पित्रातील पाणी संपून दिवा जळतच राहिला, तर तेही उरत नाही. म्हणून अशी एंजिने अतिशय कमी दाबावरच चालवीत. मोठ्या प्रतिकृतींची तांब्याची बाष्पित्रे सु. ६००° ते ७००° से. ला वितळणाऱ्या रौप्य डाखाने जोडतात. कोळशावर चालणारे छोटे बाष्पित्रही माणसांना ओढण्याइतकी वाफ देऊ शकते, हे एल. बी. एस. सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या लॉरेन्स या ब्रिटिश लेखकाने १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. तेव्हापासून या प्रकाराचा प्रसार झाला.

जुन्या बाष्पित्रात वाफ धरण्यापूर्वी ते पाण्याने काठोकाठ भरून पंपाने दाब देतात. नव्या बाष्पित्राला कार्यकारी दाबाच्या दुप्पट व जुन्याला नियतकालिक तपासणीत दीडपट दाब देण्याचा परिपाठ आहे. पाणी जवळजवळ असंपीड्य असल्याने एखादा सांधा उसवला, तरी पाणी केवळ झिरपते. कोंडलेली हवा वा वाफ मात्र स्फोट घडविते. म्हणून ‘सायकलच्या पंपाने हवा भरून पाहू’ हा मोह टाळलाच पाहिजे. सुरक्षा झडप व दाबमापक यांची स्वतंत्र पडताळणी करतात. जुन्या एंजिनांत दट्ट्याच्या दांड्याभोवतीची दोरी व बाष्पित्राभोवतीचे वेष्टन ॲस्बेस्टसाचे असण्याचा संभव असतो. ते कोरडे खरवडू नये. जाणकाराकडून ओले करून काढावे व त्याच्या जागी ग्रॅफाइटाची दोरी घालावी. परीक्षेत न टिकलेले बाष्पित्र काढून न टाकता एंजिन केवळ प्रदर्शनापुरते ठेवणे, हा निर्णय कमीपणाचा मुळीच नाही [⟶ बाष्पित्र].

रंगकाम : जुना रंग हा त्या प्रतिकृतीचा दस्तऐवज असतो. काही निर्माते पत्रा घडविण्यापूर्वीच त्यावर शिलामुद्रणाने रेषा व अक्षरे छापीत, तर काही हाताने एनॅमल लावून ते भट्टीत पक्के करीत. या दोन्हींची नक्कल फवाऱ्याने हुबेहूब साधत नाही. त्यामुळे ओरखडे पडलेला पण मूळ रंग असलेले एंजिन चकचकीत नव्या रंगाच्या एंजिनापेक्षा संग्राहकांना मोलाचे वाटते. पूर्वी जुना रंग सरसकट खरवडण्याची रीत होती व तिच्यामुळे पुष्कळ पुरावा नष्ट झाला. आता शक्य तेथे केवळ स्वच्छता करतात : सौम्य साबणाचे पाणी आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहतात, स्पिरिट मात्र वापरत नाहीत, कारण जुने लाखेचे व्हार्निश त्यात विरघळते. उडालेला टवका भरावयाचा असल्यास आधी ॲसिटोनात विद्राव्य अशा ॲक्रिलिक रेझिनाचा पातळ थर देऊन त्यावर रंग लावतात, म्हणजे पुढील पिढीस तो मूळ रंगाला धक्का न लावता काढता येतो.

स्पिरिटवर चालणाऱ्या एंजिनांची गोष्ट वेगळी आहे. सांडलेल्या स्पिरिटाने व ज्वाळेने त्यांचा रंग मुळातच करपलेला असतो आणि पुष्कळदा त्यावर मालकांच्या दोनतीन पिढ्यांचे हात फिरलेले असतात. अशा वेळी पुन्हा रंगविणे समर्थनीय ठरते. तथापि आधी मूळ छटा शोधावी लागते. नावाच्या पट्टीखाली, घुमटाच्या बुडाशी वा चालकाच्या खोलीच्या आतील बाजूस ती न विटता टिकलेली असते. एखाद्या ठिकाणी बारीक कागदाने बशीच्या आकाराचा उथळ खळगा घासल्यास रंगाचे थर झाडाच्या वलयांप्रमाणे एकापाठोपाठ एक दिसतात. लिखित वर्णनांवर वा जुन्या छायाचित्रांवर पूर्णपणे विसंबता येत नाही. जुन्या छायाचित्रण काचा लाल रंगास संवेदनशील नसल्याने त्यांत लाल एंजिन काळे दिसते. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचे एंजिन विभागाचे अधीक्षक विल्यम स्ट्राउडली यांच्या एंजिनांच्या रंगाला तर ‘सुधारित हिरवा’ असे नाव होते आणि प्रत्यक्षात तो पिवळ्या मातीसारखा सोनेरी होता !

जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात; म्हणून ते कोरडे न घासता ओल्या कागदाने घासतात व मुले तेथे येऊ देत नाहीत. रंग काढण्यासाठी पूर्वी डायक्लोरोमिथेन सर्रास वापरीत. त्याच्या वाफा घातक असल्यामुळे यूरोपीय संघात घरगुती वापरासाठी त्याची विक्री २०१२ पर्यंत बंद करण्यात आली. स्वच्छ धातूला बोटांचा स्पर्शही होऊ न देता त्यावर फॉस्फोरिक अम्लयुक्त प्राथमिक लेप देतात. पितळ गुळगुळीत असल्याने साधा रंग त्यावर धरत नाही.

लेप जाड असू नये. १ : ४३·५ या प्रमाणात ०·१ मिमी. जाडीचा थर म्हणजे खऱ्या एंजिनावर ४ मिमी. हून अधिक जाडीचा रंग; त्याखाली रिव्हेटांची डोकी बुजून जातात. म्हणून फवाऱ्याने अनेक पातळ थर देतात व प्रत्येक थर पूर्ण वाळू देतात. खऱ्या एंजिनाचाच रंग लहान प्रतिकृतीवर अधिक गडद भासतो, त्यामुळे अनुभवी रंगारी त्यात किंचित पांढरा मिसळतात. कडांच्या रेषा हे या कामातील सर्वांत अवघड अंग होय. १२ मिमी. रुंदीची रेषा वरील प्रमाणात जेमतेम ०·३ मिमी. भरते. ती आरेखनाच्या दोन पात्यांच्या लेखणीने ओढतात. रंग फार पातळ झाल्यास पसरतो व घट्ट झाल्यास लेखणीतून उतरत नाही. सरळ रेषांपेक्षा कोपऱ्यांतील कमानी अधिक वेळ खातात. अक्षरे व राजचिन्हे पाण्यात सुटणाऱ्या पातळ पटलांवरून उतरवितात आणि सर्वांवर व्हार्निशाचा एक संरक्षक थर देतात. बाष्पित्र व धूरपेटी यांना उष्णता सहन करणारा रंग लागतो. पुन्हा रंगविलेल्या एंजिनाच्या तळाशी वर्ष व कामाचा तपशील लिहून ठेवतात, म्हणजे ते मूळ रंगाचे म्हणून विकले जात नाही. वाफेवर चालविलेले एंजिन थंड होण्यापूर्वीच उरलेले पाणी काढून, सांडलेले तेल व स्पिरिट मऊ फडक्याने टिपून घेतात.