घाटात इंजिन तापतंय? फॅन क्लच बघा

काल चाकणला एक ट्रक आला. न्हावाशेव्याहून माल भरून बोरघाट चढताना काटा थेट लालवर. ड्रायव्हरदादांनी रेडिएटर धुतला होता, थर्मोस्टॅटही बदलला होता. फरक शून्य.

दोष फॅन क्लचचा होता. त्यात सिलिकॉन ऑइल असतं. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढची बायमेटल पट्टी झडप उघडते, ऑइल आत पसरतं आणि पंखा जोरात फिरतो. ऑइल गळालं की पंखा नुसता सैल फिरतो. सपाट रस्त्यावर वारा लागतो म्हणून कळत नाही. घाटात वेग कमी, भार जास्त, तिथे लगेच उघडं पडतं.

इंजिन बंद, चावी खिशात, मग पंखा हाताने फिरवा. अजिबात अडत नसेल किंवा मागेपुढे हलत असेल तर क्लच बदला. नवा क्लच उभाच ठेवा, आडवा नको; ऑइल गळू शकतं.

तुमच्या गाडीचं काही विचारायचं असेल तर खाली लिहा.