दात काळा पडला, पण कीड थांबली

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही लेकरांची तोंडे तपासतो. एक टॉर्च, एक वही आणि धुतलेले हात, एवढेच आमचे साहित्य. चार वर्षांच्या लेकराच्या पुढच्या दातांचे नुसते खुंट उरलेले दिसतात. आई विडी वळता वळता म्हणते, "ताई, दुधाचेच दात ते. पडणारच की!"

पडणार, पण कधी? दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर लेकरू भाकरी चावत नाही, रात्री झोपत नाही, शाळेत त्याचे लक्ष लागत नाही.

कीड म्हणजे अळी नव्हे. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे पाडून' दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. दातावर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दात विरघळत जातो. झोपताना बाटलीत गोड चहा किंवा साखरेचे दूध दिले, की जंतूंची रात्रभर पंगत बसते.

या किडीवर मशीन न लावता, सुई न टोचता लावता येणारे एक औषध आहे : सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. नावातच चांदी आहे. दातांचे डॉक्टर दात कोरडा करून त्यावर एक थेंब लावतात. चांदीचे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले विद्युतभारित कण, जंतूंचे आवरण आणि आतली यंत्रणा मोडतात. फ्लोराइड हा धातू नाही. तो मऊ पडलेला दात पुन्हा टणक करतो. एक मारतो, दुसरा बांधतो. म्हणून जोडीने काम होते.

हे औषध जपानमध्ये १९७० च्या सुमारास वापरात आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मुलांवरील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दुधाच्या दातांतील १०० पैकी सुमारे ८० किडी थांबलेल्या दिसल्या.

चांदीच्या जोडीला तांबे आणि जस्त वापरण्यावरही प्रयोगशाळांत काम चालू आहे. प्रत्येक धातू जंतूवर वेगळ्या ठिकाणी घाव घालतो, म्हणून एकत्र आल्यावर थोड्या मात्रेतही जास्त परिणाम मिळू शकतो. काही टूथपेस्टमध्ये जस्त किंवा कथील असते. पण म्हणून तांब्याच्या भांड्यातले पाणी किंवा चांदीचा वर्ख दाताचे औषध होत नाही.

आता आमची चूक सांगतो. आमच्या सांगण्यावरून एका आईने लेकराच्या दातांना हे औषध लावून घेतले. आठवड्याने ती रागाने आली : "लेकराचे दात काळे केले. पोरे चिडवतात." किडलेला भाग या औषधाने काळा पडतो आणि तो काळाच राहतो, हे आम्ही तिला आधी सांगायला हवे होते. तो काळेपणा म्हणजे नवा रोग नव्हे. चांगल्या दातावर डाग पडत नाही. मागच्या दाढेत तो दिसतही नाही. पुढच्या दाताचा निर्णय मात्र आईबापाने विचारून, समजून घ्यावा.

गालाला सूज असेल, हिरडीवर पुवाची पुळी असेल किंवा रात्री ठणका लागत असेल, तर कीड नसेपर्यंत गेली असे समजा. तिथे हे औषध पुरत नाही. दुसरे उपचार लागतात. चांदीची अ‍ॅलर्जी किंवा तोंडात जखमा असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. साधारण सहा महिन्यांनी दात पुन्हा दाखवा. हे औषध घरी आणून लावायचे नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्यात दातांचीही तपासणी असते. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका. सरकारी दवाखान्यात दात दाखवाल तेव्हा थेट विचारा, "डॉक्टर, चांदीचे औषध इथे लावता का? आमच्या लेकराला चालेल का?" विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि घरात एवढे करा : रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून द्या, लहानग्याला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्या. त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नका. मायबहिणींनो, तुमची मिश्रीची डबीही आता बाजूला ठेवा. लेकरू तुमचे बघूनच शिकते.

जय भीम!