पहिलं महागडं घड्याळ : गुण कशात, मान कुणाकडे?

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाने घड्याळाच्या खरेदीवर काय बोलावं, असं काहींना वाटलं असेल. पण हा प्रश्न आम्हाला तरुणांनीच विचारला. नोकरी लागली, हाती चार पैसे आले, आता एक नावाजलेलं घड्याळ घ्यायचं आहे. दुकानदार पन्नास हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत किमती सांगतात. ते चांगलं आहे हे ओळखायचं कसं? आता ‘चांगलं’ आणि ‘ओळखणं’ हे दोन्ही शब्द आमच्याच विषयातले. म्हणून आज मेहरूणच्या या व्यासपीठावर घड्याळ.

सुरुवात आपल्या घरच्या गोष्टीने करू. आपण जळगावकर. सोनं कसं घ्यायचं हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो. आता हॉलमार्कही आहे. 916 म्हणजे हजारात 916 भाग शुद्ध सोनं, 22 कॅरेट. दागिना मोडायला नेला तर घडणावळ जाते, पण सोन्याचे पैसे येतात. म्हणजे सोन्याचा मान त्याच्या गुणाला चिकटलेला आहे. घड्याळाचं तसं नाही. दोन लाखांचं स्टीलचं घड्याळ वितळवलं, तर हाती येणारं स्टील भंगारवालासुद्धा मोजून घेणार नाही. घड्याळ म्हणजे बहुतेक सगळी घडणावळच, आणि वर नाव.

म्हणून घड्याळाच्या किमतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक गुण, जो घड्याळात असतो. दुसरा मान, जो बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. दुकानात दोन्हींचं बिल एकच मिळतं. आपण कशाचे किती मोजतो आहोत, हे कळणं म्हणजे आजचं व्याख्यान.

आधी गुण. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. त्यातलं उपमान आज बाजूला ठेवू. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही तीन आपल्याला पुरेत.

प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांनी, हातांनी पाहणं. एक भिंग घेऊन जा, लाजू नका. काट्यांच्या कडा स्वच्छ आहेत का, तबकडीवरच्या खुणा एका रेषेत बसल्या आहेत का, तारखेचा आकडा खिडकीच्या मधोमध येतो का, हे बघा. चावी फिरवताना ती खरखरते का, पट्ट्याची कडी मनगटावरचे केस ओढते का, हेही बघा. मग काच. मोह्‌सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा 10, सफायर 9, वाळूतलं क्वार्ट्झ 7 आणि साधी काच त्याच्याही खाली. आपल्या खान्देशात उन्हाळ्यात जी धूळ उडते, तिच्यात क्वार्ट्झचे कण असतातच. ते साध्या काचेवर ओरखडे काढतात, सफायरवर सहसा काढू शकत नाहीत. हा खरा गुण, आणि त्यासाठी जास्त पैसे देण्यात काही चूक नाही. मागच्या झाकणावर काय लिहिलंय तेही वाचा. तिथे 30 मीटर लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ हात धुताना शिंतोडे उडाले तरी चालेल, इतकाच. तेवढ्या भरवशावर मेहरूण तलावात उडी मारू नका. पोहायचं असेल तर निदान 100 मीटरचं हवं.

दुसरं अनुमान. धूर दिसला की अग्नी आहे असं आपण म्हणतो. पण हेतू खोटा असेल तर अनुमान फसतं. त्याला हेत्वाभास म्हणतात, आणि घड्याळाच्या बाजारात हेत्वाभासांना तोटा नाही. पहिला म्हणजे वजन. मराठीत ‘भारी’ म्हणजे जडही आणि उत्तमही, त्यामुळे आपण शब्दानेच फसतो. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं असतं, आणि त्याची घड्याळं बऱ्याचदा स्टीलपेक्षा महाग असतात. दुसरा हेत्वाभास ज्वेल्सचा. ‘17 ज्वेल्स’ वाचून रत्नं जडवल्यासारखं वाटतं. ती असतात माणकंच, पण कारखान्यात बनवलेली, स्वस्त. फिरत्या चाकांचं घर्षण कमी व्हावं म्हणून ती आत बसवतात. साध्या चावीच्या घड्याळाला 17 पुरतात. आकडा वाढला म्हणून घड्याळाचं मोल वाढत नाही. तिसरा हेत्वाभास सेकंद काट्याचा. काटा सरकत गेला म्हणजे अस्सल, असं पुष्कळांना वाटतं. नकली घड्याळातही स्वस्तातलं ऑटोमॅटिक यंत्र बसवता येतं, तिथेही काटा तसाच सरकतो.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे महाग घड्याळ अचूक वेळ दाखवतं. सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. डिसेंबर 1969 मध्ये जपानच्या सेइकोने असं पहिलं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. आज हजार-पंधराशेचं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण 15-20 सेकंद चुकतं. उलट स्प्रिंगवर चालणाऱ्या उत्तम स्विस घड्याळात चाक सेकंदाला आठच ठोके देतं. स्वित्झर्लंडची सीओएससी ही अधिकृत संस्था अशी यंत्रं पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. ‘क्रोनोमीटर’ म्हणून पास व्हायला दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे, एवढी सूट असते. दिवसाला 6 म्हणजे महिन्याला तीन मिनिटं. तेव्हा लाखाचं घड्याळ हजाराच्या घड्याळाकडून वेळेत हरतं! मग लाख कशाचे? दीडशेच्या आसपास बारीक भाग, त्यांच्यावरचं काम आणि दुरुस्त करत करत दोन पिढ्या चालण्याची क्षमता, याचे. ते काम ज्याला आवडतं त्याने जरूर घ्यावं. नुसती वेळ हवी असेल, तर ते पैसे वाया गेले.

तिसरं प्रमाण शब्द, म्हणजे आप्ताचं वचन. आत उघडून आपण बघू शकत नाही, तेव्हा कुणाच्या तरी शब्दावर विसंबावं लागतंच. आप्त कोण, याचं उत्तर वात्स्यायनाने न्यायभाष्यात दिलं आहे : ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण एकच. आता या कसोटीवर पाहा. विक्रेत्याला माहिती असते, पण त्याला माल विकायचा असतो. मित्राचा हेतू शुद्ध, पण माहिती ऐकीव. चाळीस वर्षं घड्याळं उघडून बसलेला आपल्या बाजारातला एखादा कारागीर दोन्ही अटींत बसतो. खरेदीआधी त्याला विचारा. ‘स्विस मेड’ हाही शब्दच आहे. 2017 पासूनच्या नियमानुसार त्यासाठी उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमधला लागतो, शंभर टक्के नव्हे. जुनं घेत असाल, तर बिल, वॉरंटी कार्ड आणि झाकणावरचा क्रमांक जुळतात का पाहा.

आता मानाकडे येऊ. खरं अवघड प्रकरण हेच आहे.

अमेरिकेत थॉर्स्टाइन व्हेब्लेनने 1899 साली आपल्या ग्रंथात दाखवलं, की माणसं बराच खर्च वापरासाठी करत नाहीत, लोकांना दिसावा म्हणून करतात. त्याच्याही दोन हजारांहून जास्त वर्षं आधी ॲरिस्टॉटलने म्हटलं होतं, की मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अवलंबून असतो, म्हणून तो जीवनाचं ध्येय होऊ शकत नाही. घड्याळाच्या बाबतीत हे अगदी शब्दशः लागू पडतं. तुमचं घड्याळ ओळखणारे तुमच्या ऑफिसात दोघं असतील. बाकीच्यांना ते नुसतं गोल घड्याळ. म्हणजे त्या दोघांच्या नजरेसाठी तुम्ही लाख रुपये मोजता.

यात गंमत आहे, तशी इजाही आहे. बंगळुरूला सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीची घड्याळं सुरू झाली 1961 साली. हुंडाबंदीचा कायदाही 1961 चाच. तरी त्यापुढची कितीतरी वर्षं आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत सायकल, रेडिओ आणि घड्याळ मागितलं जायचं. कापसाच्या पैशांवर घर चालवणाऱ्या बापाने उसनवारी करून जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधायचं. घड्याळ चांगलंच होतं, वर्षानुवर्षं चाललं. पण त्यातून मिळालेला मान दुसऱ्याच्या कर्जावर उभा होता. आज एचएमटीच्या जागी परदेशी नाव आलं. मागणी मात्र अजून पुरती संपलेली नाही.

याच्या उलट एक उदाहरण घ्या. 1936 च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेव्हा गांधीजी आले होते. त्यांच्या कमरेला खिशातलं घड्याळ लटकत असे. त्यांचं एक झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, ताट आणि वाटी 2009 साली न्यूयॉर्कच्या लिलावात एकत्र विकली गेली, 18 लाख डॉलरना. त्या चपलांत चामड्याचं मोल किती, ताटात धातूचं किती? तिथे वस्तूने माणसाला मान दिला नाही, माणसाने वस्तूंना दिला. दुकानातली जाहिरात आपल्याला नेमकं उलट सांगते.

व्याख्यानानंतर एका तरुणाने विचारलं, “सर, हप्त्यांवर घेतलं तर?” आमचं उत्तर असं. गुण विकत घ्यायचा असेल तर थांबता येतं, कारण गुण कुठे पळून जात नाही. मान विकत घ्यायचा असेल तर घाई होते, कारण लोकांची नजर उद्या दुसरीकडे जाईल. हप्त्यांची ओढ लागली की ही घाई कसली आहे ते आधी तपासा. दर काही वर्षांनी अशा घड्याळाचं तेलपाणी करावं लागतं, त्याला हजारो रुपये लागतात आणि कधी ते मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं. तोही खर्च आजच धरा. आणि शेवटची परीक्षा : हे घड्याळ कुणालाही कधीच दाखवायचं नाही अशी अट असती, तर तुम्ही त्याचे किती दिले असते? तो आकडा गुणाचा. त्याच्या वरचे पैसे मानाचे. तेही द्यायचे असतील तर द्या, पण माहीत असून द्या, आणि स्वतःच्या खिशातून द्या.