प्रेक्षक आलेच नाहीत, की मावलेच नाहीत?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं गाईड मॅडमसमोर एक कागद ठेवला. वर विषय लिहिला होता, ‘महिलांच्या व्यावसायिक खेळांना प्रेक्षक कमी का येतात?’ मॅडमनी तो वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कमी येतात हे कुठून ठरवलंस?"

"आकडे आहेत ना मॅडम."

"कोणाचे? येऊ इच्छिणाऱ्यांचे, की आत शिरलेल्यांचे?"

या एका प्रश्नानं माझे सहा महिने खाल्ले. आजची पोस्ट त्या सहा महिन्यांबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेटची तयारी करत असतील किंवा सिनॉप्सिस लिहीत असतील. तुमचा विषय खेळाचा नसेलही. पण सरकारी दवाखान्याची ओपीडी असो, वाचनालय असो की बसचा मार्ग, ‘किती लोक आले’ हा आकडा जिथे जिथे वापराल तिथे हाच खड्डा आहे. मी त्यात पडून आले, म्हणून सांगते.

पाच सामन्यांचं साधं गणित

समजा एका संघाचे पाच सामने आहेत. ते बघायची इच्छा असणारे लोक अनुक्रमे २,०००, ३,०००, ४,०००, ६,००० आणि १०,००० आहेत. सरासरी काढा, ५,००० येईल. आता हे सामने ४,००० खुर्च्यांच्या हॉलमध्ये भरवा. तुमच्या वहीत काय नोंद होईल? २,०००, ३,०००, ४,०००, ४,०००, ४,०००. सरासरी ३,४००.

म्हणजे खरी मागणी ५,००० असताना तुम्ही अहवालात ३,४०० लिहिणार. पण हे नुकसान त्यातल्या त्यात लहान. समजा शेवटच्या दोन सामन्यांत एक मोठी स्टार खेळाडू होती. तिच्यामुळे मागणी ४,००० वरून ६,००० आणि १०,००० वर गेली. तुमच्या डेटात मात्र तिसरा, चौथा आणि पाचवा सामना अगदी सारखा दिसतो. तुम्ही निष्कर्ष काढणार की स्टार खेळाडू असली तरी फारसा फरक पडत नाही. खुर्च्या संपल्या होत्या, एवढंच घडलं होतं.

संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात. एका मर्यादेपलीकडची किंमत आपल्याला दिसतच नाही, फक्त ‘मर्यादेइतकी किंवा जास्त’ एवढंच कळतं. जेम्स टोबिन या अर्थशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये कुटुंबांच्या टिकाऊ वस्तूंवरच्या खर्चाचा अभ्यास करताना अशा डेटासाठी मॉडेल मांडलं, ते आज टोबिट म्हणून ओळखलं जातं. त्याच्या डेटात मर्यादा खाली होती, कारण बऱ्याच घरांचा खर्च शून्य होता. आपल्या डेटात ती वर आहे. पद्धत तीच चालते, पण प्रत्येक सामन्याला किती खुर्च्या उपलब्ध होत्या हे तुम्हाला माहीत हवं. म्हणून पहिला धडा: प्रेक्षकसंख्येच्या कॉलमशेजारी क्षमतेचा कॉलम नसेल, तर विश्लेषण सुरूच करू नका.

न्यूयॉर्कचा संघ हॉल बदलतो तेव्हा

महिलांचं व्यावसायिक बास्केटबॉल म्हटलं की अमेरिकेतली डब्ल्यूएनबीए. १९९७ पासून सुरू असलेल्या या लीगमध्ये आपल्या प्रश्नासाठी एक फार बोलकं उदाहरण आहे, न्यूयॉर्क लिबर्टी.

हा संघ मॅनहॅटनमधल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळायचा. २०१७ मध्ये तिथली सरासरी दहा हजारांच्या जवळ होती. त्या वर्षाअखेर मालकांनी संघ विकायला काढला आणि २०१८ मध्ये बहुतेक सामने व्हाइट प्लेन्स या उपनगरात, जवळजवळ ४० किलोमीटर दूर, पाचेक हजार क्षमतेच्या हॉलमध्ये गेले. सरासरी तीन हजारांच्याही खाली आली. पुढे नवे मालक आले आणि २०२१ पासून संघ ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये खेळू लागला. त्याच्या दारातच रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. २०२४ मध्ये लिबर्टीनं विजेतेपद मिळवलं, त्या वर्षीची सरासरी बारा हजारांवर होती.

आता बारकाईनं बघा. व्हाइट प्लेन्सचा हॉल छोटा होता हे खरं, पण सरासरी तीन हजारांखाली म्हणजे तो छोटा हॉलही भरत नव्हता. इथे कमाल मर्यादेचं स्पष्टीकरण पुरत नाही. काम दुसऱ्या कारणानं केलं, ते म्हणजे अंतर. ऑफिसमधून सुटून परस्पर सामन्याला जाणारा माणूस उलट्या दिशेला तासभर जाऊन रात्री परत येणार नाही. म्हणजे जागा दोन वेगळ्या वाटांनी आकडा खाली खेचते. एक, खुर्च्या संपतात. दोन, माणूस निघतच नाही. पहिल्या वाटेचा इलाज टोबिट करेल. दुसऱ्या वाटेसाठी प्रवासाचा वेळ हा वेगळा व्हेरिएबल घ्यावा लागतो.

मग मोठा हॉल घेतला की झालं?

इथे मीही घसरले होते. २०२४ चे आकडे बघून मी मॅडमना उड्या मारत सांगितलं की हॉल मोठा केला की गर्दी वाढते. वॉशिंग्टन मिस्टिक्सचा नेहमीचा हॉल ४,२०० क्षमतेचा. त्यांनी इंडियाना फीव्हरविरुद्धचा सप्टेंबरमधला सामना शहरातल्या मोठ्या अरिनात हलवला आणि २०,७११ प्रेक्षक आले, लीगच्या नियमित हंगामातल्या सामन्यांचा तोवरचा विक्रम. अटलांटानंही साडेतीन हजारांच्या हॉलमधून इंडियानाविरुद्धचे सामने बाहेर काढले आणि १७ हजारांहून जास्त लोक आले.

मॅडम म्हणाल्या, "आणि हलवायला हेच सामने का निवडले?"

अर्थात केटलिन क्लार्क खेळणार होती म्हणून. गर्दी होणार हे आधीच माहीत होतं, म्हणून मोठा हॉल घेतला. कारण आणि परिणाम इथे एकमेकांच्या पोटात शिरले आहेत. छत्र्या दिसल्या की पाऊस पडतो, म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असं म्हणण्यासारखं आहे हे. संशोधनाच्या भाषेत एंडोजेनिटी. साधं रिग्रेशन चालवलंत तर क्षमतेचा गुणांक भरमसाट मोठा येईल आणि तो खोटा असेल.

याची उलट बाजूही बघा. खुद्द इंडियानाचं घरचं मैदान २०२३ आणि २०२४ मध्ये एकच होतं. २०२३ मध्ये सरासरी चार हजारांच्या आसपास आणि क्लार्क आल्यावर २०२४ मध्ये सतरा हजार. हॉल तोच, खुर्च्या त्याच. म्हणजे जागा मागणी निर्माण करत नाही. असलेल्या मागणीला वाट देते किंवा ती अडवते, इतकंच.

आपल्याकडे, मुंबईत

आपल्याकडे महिलांची वर्षानुवर्षं टिकलेली व्यावसायिक बास्केटबॉल लीग नाही. मुंबईत बास्केटबॉलची परंपरा आहे, नागपाड्याची कोर्टं प्रसिद्ध आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे पुरुष संघ येऊन दोन सामने खेळून गेले. पण महिलांच्या बास्केटबॉलचा सलग डेटा नाही. म्हणून मी क्रिकेटकडे वळले.

डिसेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी मालिकेचे पहिले दोन सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. प्रवेश मोफत होता आणि ११ डिसेंबरच्या सामन्याला ४५ हजारांहून जास्त लोक आले. मार्च २०२३ मधली पहिली डब्ल्यूपीएल संपूर्णपणे डी. वाय. पाटील आणि ब्रेबॉर्नवर झाली, तिथे महिलांना प्रवेश मोफत होता.

आणि मग २०२५ चा विश्वचषक. संशोधकाच्या नजरेनं बघितलं तर इथे एक विलक्षण गोष्ट घडली. बंगळुरूला ठरलेले काही सामने ऑगस्टमध्ये नवी मुंबईला हलवले गेले. कारण होतं जूनमध्ये चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर पुरुषांच्या आयपीएल विजयोत्सवात झालेली चेंगराचेंगरी. त्यात ११ जणांचा जीव गेला. महिलांच्या सामन्यांना किती गर्दी होईल याचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता. वॉशिंग्टनसारखी ‘गर्दी होणार म्हणून जागा बदलली’ ही अडचण इथे नाही. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. असं काही दिसलं की नोंद करून ठेवा, आयुष्यात फार वेळा मिळत नाही.

डी. वाय. पाटीलवर २३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध २५,१६६ प्रेक्षक होते, ३० तारखेच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्याला ३४,६५१ आणि २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याला ३९,५५५. आता तुम्हीच सांगा, यावरून ‘नवी मुंबईला सामने हलवल्यामुळे गर्दी वाढली’ असं म्हणता येईल का? नाही. या तिन्ही आकड्यांत मैदान बदललेलंच नाही. बदललं ते सामन्याचं महत्त्व. जागेचा परिणाम काढायचा तर हेच सामने बंगळुरूला झाले असते तर काय, याचा अंदाज हवा. नैसर्गिक प्रयोग हाताशी असूनही चुकीची तुलना केली तर उपयोग शून्य.

शून्यावरून आठवलं. जानेवारी २०२६ मध्ये महापालिका निवडणुकीच्या बंदोबस्तामुळे डब्ल्यूपीएलचे नवी मुंबईतले काही सामने प्रेक्षकांविना झाले. एक्सेल शीटमध्ये तिथे शून्य दिसेल. तो शून्य ‘कोणी आलं नाही’चा नाही, ‘कोणाला सोडलं नाही’चा आहे. तो सरासरीत धरलात तर व्हायव्हाला तुमची धडगत नाही.

मुलुंड ते नेरूळ

आता जो कॉलम कुठल्याच शीटमध्ये नसतो, त्याबद्दल.

११ डिसेंबर २०२२ ला मी, आई आणि धाकटी बहीण मुलुंडहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं नेरूळ असे गेलो होतो. आमच्याहून बोरिवलीच्या मैत्रिणीची परवड जास्त. तिला आधी पश्चिम रेल्वे सोडून हार्बर गाठायची होती. स्मृती मानधना ७९ वर खेळून बाद झाली, सामना रंगात होता आणि आई घड्याळ बघत होती. गाड्या होत्या. तिची काळजी वेगळी होती. हजारो लोक एकदम स्टेशनावर येणार, ठाण्याला गाडी बदलायची आणि मुलुंडला उतरल्यावर दोन मुलींना घेऊन रिक्षा मिळेल का? अठराव्या षटकाला आम्ही उठलो. शेवटच्या चेंडूवर पुण्याच्या देविका वैद्यनं चौकार मारून बरोबरी साधली, मग सुपर ओव्हरमध्ये भारत जिंकला. हे सगळं आम्ही गाडीत, बहिणीच्या फोनवर, अडकत अडकत बघितलं.

त्या दिवसाच्या ४५ हजारांत आम्ही तिघी आहोत. पुढच्या सामन्याला आई आली नाही, त्या दिवशीच्या आकड्यात ती नाही. आणि ती ‘आवड नसलेली प्रेक्षक’ म्हणून मोजली जाते.

वानखेडे आणि ब्रेबॉर्न चर्चगेटला, डी. वाय. पाटील खाडीपलीकडे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथे राहणाऱ्या लाखो लोकांसाठी सामना बघणं म्हणजे साडेतीन तासांचा खेळ अधिक जाण्यायेण्याचे तीनेक तास. पुरुष प्रेक्षकालाही ते तीन तास लागतात. पण रात्री अकरानंतरच्या तासाची किंमत दोघांना सारखी पडत नाही. महिलांच्या खेळाला महिला प्रेक्षक हव्यात असं म्हणायचं, तर ‘सामना किती वाजता संपला’ हा व्हेरिएबल तिकिटाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. मी आता तो घेते.

हे सगळं कशासाठी?

मी कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये होते. एका स्पर्धेत मुलांची फायनल संध्याकाळी सहाला, दिव्यांखाली. आमची दुपारी साडेबाराला, तापलेल्या सिमेंटच्या कोर्टवर. बसायला जागा नाही. बघायला चौदा जण होते, त्यात दोन आया आणि आमची राखीव खेळाडू. पुढच्या वर्षी आम्ही संध्याकाळची वेळ मागितली. उत्तर मिळालं, "मुलींच्या मॅचला पब्लिक कुठे असतं?"

हे चक्र नीट बघा. गैरसोयीची वेळ आणि जागा दिली, म्हणून लोक आले नाहीत. लोक आले नाहीत, म्हणून पुन्हा तीच वेळ आणि जागा. या चक्राला कागदोपत्री आधार कोण देतं? आपण. ‘सरासरी प्रेक्षकसंख्या कमी’ असं एक वाक्य प्रबंधात लिहून. उद्या कोणी उपनगरात एखादा बंदिस्त हॉल बांधायचा की नाही हे ठरवायला बसलं, तर त्यांच्या टेबलावर तेच वाक्य असेल.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी आपल्या आकड्याला पाच प्रश्न विचारा. हा आकडा विकलेल्या तिकिटांचा आहे, वाटलेल्या पासांचा, की प्रत्यक्ष आत आलेल्यांचा? अमेरिकी लीगमध्ये जाहीर होणारा आकडा बहुधा तिकिटांचा असतो आणि मोफत पास घेऊन न येणारे आपल्याकडेही असतातच. कमाल मर्यादा किती होती? जागा कोणी आणि का निवडली? यायला आणि परतायला किती वेळ लागला? आणि जे आले नाहीत, त्यांना विचारलं कोणी?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्टेडियममध्ये मिळत नाही. त्यासाठी मी सध्या मुलुंड आणि घाटकोपर स्टेशनाबाहेर प्रश्नावली घेऊन उभी असते. पहिली प्रश्नावली आईकडून भरून घेतली. सॅम्पलमध्ये तिला धरता येणार नाही, हे मलाही माहीत आहे.